लोखंडी दातांचे पिशाच्च : किशोरांच्या हातातील काळोख्या पुस्तकांना नेमके कोण घाबरते?

१/ २३ सप्टेंबर १९५४ ची संध्याकाळ. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर आणि त्यातील गॉर्बल्स नावाची दाटीवाटीची कामगारवस्ती. ‘सदर्न नेक्रोपोलिस’ या जुन्या दफनभूमीत काही गडबड चालू आहे, असा निरोप पोलिसांना मिळतो. शिपाई तेथे पोहोचतो आणि थबकतो. समोर शेकडो मुले. काही जेमतेम चार-पाच वर्षांची, मोठ्यात मोठी चौदाची. कोणाच्या हाती टोक काढलेली काठी, तर कोणाच्या हाती घरातली सुरी.

२/ मुले शिकारीला निघाली होती. सात फूट उंचीचे, लोखंडी दातांचे एक पिशाच्च थडग्यांमागे दडले आहे आणि त्याने वस्तीतील दोन मुलगे खाल्ले आहेत, अशी वार्ता शाळाशाळांतून पसरली होती. जवळच ‘डिक्सन्स ब्लेझेस’ या लोखंडाच्या कारखान्याच्या भट्ट्या धगधगत असत. त्यांच्या लाल उजेडात आणि धुरात थडगीसुद्धा हलल्यासारखी भासावीत. वस्तुतः वस्तीतील एकही मूल बेपत्ता नव्हते.

३/ एका मुख्याध्यापकांनी समजूत घातली, पाऊस आला, मुले घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, मग हळूहळू सारे शांत झाले. प्रौढांच्या मनात मात्र एक प्रश्न उरला : हे मुलांच्या डोक्यात आले कोठून? उत्तर त्यांनी फार घाईने शोधले, ‘अमेरिकेतून येणारी भयकॉमिक्स!’ या घाईचा इतिहास दोनशे वर्षे मागे जातो आणि त्याचे एक टोक थेट भारताच्या संसदेत येऊन पोहोचते. आजचा धागा त्याविषयी.

४/ निमित्त झाले एका वाचक ताईंच्या संदेशाचे. त्यांची चौदा वर्षांची मुलगी झपाटलेले वाडे, रक्तपिपासू सरदार आणि मृतांशी बोलणाऱ्या मुली यांनी भरलेल्या इंग्रजी किशोर-कादंबऱ्यांत सदैव बुडालेली असते. ‘पुस्तके काढून घ्यावीत का? इतिहास काय सांगतो?’ असे त्यांनी विचारले. ताई, माझे मत आरंभीच सांगतो : काढून घेऊ नका. हे मत का झाले, त्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

५/ या साहित्यप्रकाराला ‘गॉथिक’ म्हणतात. १७६४ च्या अखेरीस लंडनमध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ नावाची एक छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. एका जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या इटालियन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, असे प्रस्तावनेत म्हटले होते. ते साफ खोटे होते. लेखक होता इंग्लंडच्या माजी पंतप्रधानांचा मुलगा, होरेस वॉलपोल. पुस्तक खपले, तेव्हा १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कबुली दिली आणि उपशीर्षक जोडले : एक गॉथिक कथा.

६/ तेव्हापासून या प्रकाराची सामग्री ठरून गेली. जुना किल्ला, बंद दालन, भुयार, हरवलेला दस्तऐवज, बळकावलेला वारसा. आणि मुख्य सूत्र असे की पूर्वजांचे पाप वंशजांच्या माथी येते. बारकाईने पाहा. भूत हे येथे केवळ निमित्त आहे. खरा विषय आहे भूतकाळ. दडपलेला गुन्हा कधी ना कधी वर येतोच, हा गॉथिकचा गाभा. मराठीत ‘भूत’ या एकाच शब्दात पिशाच्च आणि गतकाल दोन्ही सामावतात, हा सुंदर योगायोग लक्षात ठेवा.

७/ पुढील तीस वर्षांत या कथांना पूर आला. अ‍ॅन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ १७९४ ची. मॅथ्यू लुइस याची ‘द मंक’ १७९६ ची. ती लिहिली तेव्हा लुइस विशीच्या आसपासचा होता. १७९७ मध्ये कवी कोलरिज याने तिच्यावर परीक्षण लिहिले. लेखकाची प्रतिभा त्याने मान्य केली, पण आपल्या मुलाच्या वा मुलीच्या हातात हे पुस्तक पाहून आईबापांचा चेहरा पांढरा पडावा, अशा आशयाचा इशाराही दिला. ताईंचा प्रश्न इतका जुना आहे.

८/ या चिंतेला सर्वांत हुशार उत्तर दिले जेन ऑस्टिन यांनी. ‘नॉर्थअँगर अ‍ॅबी’ ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात आली. नायिका कॅथरिन सतरा वर्षांची, भयकथांची वेडी. एका जुन्या मठवजा घरात पाहुणी म्हणून गेली असता तिला कपाटात गुंडाळलेले कागद सापडतात. रात्रभर ती थरथरत राहते. सकाळी पाहते तर काय, धोब्याची बिले!

९/ येथवर ही चेष्टा वाटते, आणि अनेक जण तेवढ्यावरच थांबतात. पण पुढे वाचा. घरमालक जनरलने आपल्या पत्नीचा खून केला असावा, असा कॅथरिनला संशय येतो. तो खोटा ठरतो. मात्र ती समजली तेवढी श्रीमंत नाही हे कळताच तोच जनरल तिला सोबतीशिवाय, तडकाफडकी घराबाहेर काढतो. खुनी नसला तरी तो क्रूर होताच. भयकथांनी तिला तपशील चुकीचा दिला असेल, पण माणूस ओळखायला शिकवले ते बरोबरच होते.

१०/ आता वाचणाऱ्या मुलीकडून लिहिणाऱ्या मुलीकडे येऊ. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा महास्फोट झाला. वातावरणात पसरलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि १८१६ हे युरोपात ‘उन्हाळ्याविना वर्ष’ ठरले. त्या पावसाळी जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या भाड्याच्या घरी काही तरुण अडकून पडले होते. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे बायरनने सुचवले.

११/ त्या बैठकीतील डॉक्टर पॉलिडोरी वीस वर्षांचा. त्याच्या लेखणीतून पुढे ‘द व्हॅम्पायर’ आली. आणि मेरी अवघी अठरा वर्षांची. तिने आरंभलेली कथा १ जानेवारी १८१८ रोजी लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली : ‘फ्रँकेन्स्टाइन’. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची. आज किशोरांच्या ‘काळोख्या’ वाचनाविषयी आपण बोलतो, तेव्हा या प्रकारातील सर्वांत थोर कृती एका किशोरवयीन मुलीच्या हातून सुरू झाली, हे आठवत नाही.

१२/ मेरीच्या मनात हा अंधार पुस्तकांनी भरला होता काय? तिची आई मेरी वोलस्टनक्राफ्ट तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारली. आईच्या थडग्यापाशी बसून वाचणे हा या मुलीचा परिपाठ होता. फेब्रुवारी १८१५ मध्ये तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि काही दिवसांतच गेली. बाळ मेलेले नव्हते, नुसते गारठले होते, शेकोटीपाशी चोळताच ते जिवंत झाले, असे स्वप्न तिने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे.

१३/ ही नोंद वाचल्यावर ‘फ्रँकेन्स्टाइन’ पुन्हा वाचा. मृत देहात प्राण फुंकणारा निर्माता आणि जन्मतःच टाकून दिलेले अपत्य. अंधार पुस्तकातून मुलीत आलेला नव्हता, तो मुलीच्या आयुष्यात आधीच होता. कथेने त्याला आकार दिला, नाव दिले आणि स्वतःपासून हातभर दूर धरता येईल असे एक भांडे दिले. माझ्या मताचा पाया हाच आहे.

१४/ एकोणिसाव्या शतकात कागद आणि छपाई स्वस्त झाली आणि वाचता येणाऱ्या गरीब मुलांची संख्या वाढली. एका पेनीला एक भाग या दराने रक्तरंजित कथामालिका विकल्या जाऊ लागल्या. ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’ १८४५ ते १८४७ ची. टीकाकारांनी या वाङ्मयाला तुच्छतेने ‘पेनी ड्रेडफुल’ म्हटले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात चामड्याच्या बांधणीत शोभणारी भयकथा गरीब पोराच्या खिशात आली आणि तिचा एकदम गुन्हा झाला.

१५/ या धाग्याची एक गाठ मराठीतही आहे. ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ लिहिणारे रेनॉल्ड्स हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय वाचकांचे अत्यंत लाडके इंग्रजी कादंबरीकार. इंग्रजी समीक्षकांनी त्यांना खालच्या पंगतीला बसवले, पण येथे त्यांचे वाचन आणि रूपांतर झपाट्याने झाले. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच आधारे उभी राहिली. मराठी वास्तववादी कादंबरीच्या या आद्य शिल्पकाराचे तरुण वाचन असे ‘हलके’ होते!

१६/ जुलै १८९५. लंडनच्या पूर्वेकडील प्लेस्टो भागात रॉबर्ट कूम्ब्स या तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईचा खून केला. मृतदेह वरच्या खोलीत असताना तो धाकट्या भावासह सुमारे दहा दिवस त्याच घरात राहिला. दोघे लॉर्ड्सवर क्रिकेट पाहूनही आले. घरात पेनी कथांचा गठ्ठा सापडला आणि वृत्तपत्रांना कारण मिळाले. मुलाची मनःस्थिती, घरातील वातावरण, समुद्रावर असलेला बाप हे सारे मागे पडले, पुस्तके पुढे आली.

१७/ न्यायालयाने त्याला दोषी, परंतु वेडाच्या भरात कृत्य केलेला, असे ठरवून ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. तेथे त्याला शिस्त, संगीत आणि माणुसकीची वागणूक मिळाली. १९१२ मध्ये सुटल्यावर तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या आघाडीवर जखमींना उचलून आणणाऱ्या पथकात काम केले. शौर्यासाठी त्याला पदकही मिळाले. पुस्तकांनी घडवलेला राक्षस म्हणून वृत्तपत्रांनी ज्याचे चित्र रंगवले, त्याचे उत्तरायुष्य असे होते.

१८/ एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. पण हाच नियम वृत्तपत्रांनाही लागू व्हायला हवा होता. १९०१ साली जी. के. चेस्टरटन यांनी पेनी ड्रेडफुलचे समर्थन करणारा निबंध लिहिला. त्यांचा रोख स्पष्ट होता : सुशिक्षितांच्या साहित्यातील नीतीविषयीचा संशयवाद चालतो, पण गरीब पोरांच्या भडक, तरीही शूराला शूर आणि दुष्टाला दुष्ट म्हणणाऱ्या कथांवर मात्र खटला भरला जातो.

१९/ आता अमेरिका, १९५४. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झाले. कॉमिक्स मुलांना गुन्हेगार बनवतात, हा त्यांचा दावा. वर्थम खलपुरुष नव्हते, हे येथे सांगितलेच पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीय रुग्णांसाठी त्यांनी १९४६ मध्ये अल्पदरात उपचार देणारे दवाखाने-केंद्र उभारले होते. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यातही त्यांची साक्ष उपयोगी पडली.

२०/ त्याच एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चे प्रकाशक विल्यम गेन्स यांना छिन्न मस्तकाच्या मुखपृष्ठावरून प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे त्यांच्यावरच उलटली. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ बनवला. शीर्षकात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्द बंद. पिशाच्च, नरवृक, चालती प्रेते बंद. गेन्स यांची भयमासिके मिटली.

२१/ वर्थम यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. कॅरल टिली या संशोधिकेने मूळ नोंदी पुस्तकाशी ताडून पाहिल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला : वर्थम यांनी मुलांची विधाने फिरवली होती, तपशील गाळले होते, कोठे अनेकांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले होते. इतिहासप्रेमींनी यातून एक धडा घ्यावा. हेतू चांगला असला म्हणजे पुरावा खरा ठरत नाही.

२२/ पुन्हा ग्लासगोला चला. ब्रिटनमध्ये भयकॉमिक्सविरुद्ध मोहीम आधीपासून चालू होती. तिच्यात चर्चमधील मंडळी होती, शिक्षकांची संघटना होती आणि अमेरिकन संस्कृतीला विरोध म्हणून कम्युनिस्टही होते. गॉर्बल्सच्या मुलांनी या मोहिमेला हवे ते उदाहरण दिले. तेथील खासदार अ‍ॅलिस कलन यांनीही हा विषय उचलला. १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठी ‘हानिकारक प्रकाशनां’वर बंदी घालणारा कायदा केला.

२३/ पण लोखंडी दात आले कोठून? बायबलमधील दानीएलच्या ग्रंथात लोखंडी दातांचे श्वापद आहे. लोखंडी दातांच्या जेनीवरील स्कॉटिश कविता तेथील मुलांना ठाऊक असे. ग्लासगोच्या मुलांनी अशा पिशाच्चशिकारी १९३० च्या दशकातही केल्या होत्या, म्हणजे भयकॉमिक्स येण्याच्या कितीतरी आधी, हे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. प्रामाणिकपणे हेही सांगतो की १९५३ च्या एका अमेरिकन कॉमिकमध्ये याच कल्पनेची गोष्ट आढळली. परंतु या मुलांनी ती वाचल्याचा पुरावा नाही.

२४/ गॉर्बल्समध्ये तेव्हा काय होते? एकेका खोलीत अख्खे कुटुंब, सामाईक शौचकूप, क्षयरोग, कारखान्याचा धूर आणि नऊच वर्षांपूर्वी संपलेल्या महायुद्धाची घराघरांतील आठवण. मुलांना कशाची तरी भीती वाटत होती आणि तिला त्यांनी दात दिले. प्रौढांनी मात्र त्या वस्तीकडे पाहण्याऐवजी मासिकाकडे बोट दाखवले. मासिकावर बंदी घालणे स्वस्त पडते. घरे बांधणे महाग.

२५/ आता ते भारतीय टोक. ब्रिटिश कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आपल्या संसदेने ‘यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अ‍ॅक्ट’ संमत केला. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य, अथवा किळसवाणे वा भयंकर प्रसंग ज्यांत प्रामुख्याने आहेत आणि एकंदरीने जी कोवळ्या मनांना बिघडवतील, अशी प्रकाशने या कायद्याच्या कक्षेत येतात. चित्रांची असोत वा निव्वळ शब्दांची. विकणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

२६/ आणि ‘यंग पर्सन’ म्हणजे कोण? वीस वर्षांखालील व्यक्ती. मतदानाचे वय १९८९ मध्ये अठरावर आले, तेव्हा अठरा वर्षांचा नागरिक सरकार निवडू लागला, पण या व्याख्येनुसार तो कोवळ्या मनाचाच राहिला. मेरीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ आरंभली ती याच वयात. आपल्या कायद्याच्या व्याख्येत, स्वतःच लिहिलेल्या भयंकर प्रसंगांपासून तिला जपावे लागले असते!

२७/ यातील विसंगती आपल्या परंपरेच्या प्रकाशात अधिकच ठळक होते. ‘वेताळपंचविशी’ आठवा. काळोखी रात्र, स्मशान, झाडाला लटकलेले प्रेत आणि ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ही कथामाला छापली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती वाचली. आणि ते प्रेत करते काय? ते प्रश्न विचारते. न्याय कोणाचा, त्याग कोणाचा मोठा, दोष कोणाचा. भीतीच्या खांद्यावर नीतिशास्त्र बसलेले आहे.

२८/ रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ही. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली त्यातील चेटकीण पाहून किंचाळलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके उशीखाली लपवून वाचलेल्या पिढ्या आज डॉक्टर, शिक्षिका, अभियंते आहेत. त्यांना विचारा, त्या भीतीने तुमचे काय बिघडवले? बहुधा डोळे चमकतील.

२९/ आधुनिक किशोर-साहित्याचा प्रवासही असाच. टोळ्यांत वाढणाऱ्या मुलांवरची ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये आली, तेव्हा लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती. २०११ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लेख आला की किशोर-साहित्य फार काळवंडले आहे. उत्तरादाखल हजारो वाचकांनी समाजमाध्यमांवर लिहिले की अशाच पुस्तकांनी आपल्याला अत्याचाराच्या, नैराश्याच्या, एकाकीपणाच्या दिवसांत तगवले.

३०/ त्याच वर्षी ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ आली. तिची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड यांची. २००७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि पॅट्रिक नेस यांनी ती पूर्ण केली. कथेतील तेरा वर्षांच्या मुलाची आई मरणपंथाला लागली आहे आणि मध्यरात्रीनंतर एक वृक्षराक्षस त्याच्याकडे येतो. तो मुलाला खात नाही. तो त्याच्याकडून एक सत्य वदवून घेतो, जे उच्चारण्याची मुलाला राक्षसापेक्षाही अधिक भीती वाटते. हे मुलाला ‘बिघडवणे’ असेल, तर सांत्वन कशाला म्हणावे?

३१/ विरुद्ध बाजू पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. १९५० च्या कॉमिक्समध्ये वंशद्वेष आणि स्त्रीदेहाची विटंबना होती. त्याबाबत वर्थम यांचा संताप रास्त होता. आजच्या काही ‘काळोख्या’ प्रेमकथांत पाळत ठेवणे, धमकावणे, कोंडून ठेवणे यांनाच उत्कट प्रेमाचे नाव दिलेले असते. सर्वच अंधार सारखा नसतो आणि काही मुले अशा अवस्थेत असतात की विशिष्ट पुस्तक त्या क्षणी त्यांना पेलत नाही. हे पाहणे वडीलधाऱ्यांचे कामच आहे.

३२/ पारख कशी करावी? माझी कसोटी वेताळाकडून घेतलेली आहे : पुस्तक प्रश्न विचारते का? त्यातील क्रौर्याला बळीचा चेहरा आहे का, की केवळ मारणाऱ्याचा थाट? ज्या कथेत दुःख भोगणारा माणूस दिसतो, ती कितीही काळी असली तरी वाचणाऱ्याला करुणेकडे नेते. ज्या कथेत बळी ही निव्वळ वस्तू असते, ती स्वच्छ उजेडात घडत असली तरी घातक. अंधाराचे प्रमाण मोजून हे कळत नाही, पुस्तक वाचूनच कळते.

३३/ म्हणून ताई, पुस्तक काढून घेऊ नका, मागून घ्या. ‘तुझे झाले की मला दे’ म्हणा. वाचा आणि मग विचारा, यातले कोणते पात्र तुला आवडले आणि का? जे उत्तर येईल त्यात तुमच्या मुलीच्या मनातले असे काही असेल, जे ती एरवी सांगणार नाही. पुस्तक हिसकावले, तर पुस्तक दुसरीकडून मिळेलच. ते उत्तर मात्र तुम्हाला कधीच मिळणार नाही.

३४/ आणि तरुण मित्रहो, तुमच्यासाठी एक शब्द. गॉथिक कथा ही इतिहास वाचण्याची चांगली तालीम आहे. सापडलेला दस्तऐवज बनावट असू शकतो, हे वॉलपोल शिकवतो. कागद पाहताच कल्पनेचे घोडे सोडू नयेत, हे धोब्याची बिले शिकवतात. आणि घराण्याच्या भव्य तसबिरींमागे एखादे बंद दालन असतेच, हे सगळेच शिकवतात. ज्याला त्या दालनाची भीती वाटते पण तरीही जो कडी काढतो, तोच इतिहासकार.

३५/ अखेरीस पुन्हा त्या दफनभूमीत. भयकथांनी मुले हिंसक होतात, याचा पुरावा म्हणून गॉर्बल्सची ती संध्याकाळ वर्षानुवर्षे सांगितली गेली. पण मुले तेथे कशासाठी गेली होती? आपल्यातील दोघांना कोणीतरी खाल्ले, असे त्यांना खरोखर वाटत होते. मोठे काही करत नव्हते. म्हणून चार वर्षांची पोरे मोठ्या भावंडांच्या मागोमाग, काठ्या सरसावून, सात फुटांच्या राक्षसाला अडवायला निघाली. राक्षस होण्यासाठी त्यांतले कोणीही गेले नव्हते.

३६/ धागा येथे पूर्ण होतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तुम्ही लपवून वाचलेले पुस्तक कोणते, आणि ते कोणापासून लपवले होते, हे खाली अवश्य लिहा. ज्यांच्या घरी आज असे पुस्तक लपवले जात असेल, त्यांच्यापर्यंत हा धागा पोहोचवा.